मिरजेच्या वेणास्वामी

थोरांची चरित्रे विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत, असा आपल्याकडील शाळांतून पूर्वापार प्रघात आहे. शिवछत्रपती, समर्थ, तुकोबा यांच्या आयुष्यातील प्रसंग आमच्या मुलांस मुखोद्गत असतात. परंतु या थोरांच्या पंक्तीत स्त्रिया कोणत्या, असा प्रश्न एखाद्या मुलीने वर्गात केला, तर जिजाबाई, अहिल्याबाई व झाशीची लक्ष्मीबाई ही तीन नावे सांगून आम्ही शिक्षक थांबतो. ही नावे वंदनीय आहेत, यात शंका नाही. पण या तिघींचा संबंध राज्याशी होता. धर्माच्या क्षेत्रात ज्यांनी अधिकाराने वाणी चालविली, ज्यांनी ग्रंथ लिहिले, मठ सांभाळले, शिष्य घडविले, अशाही स्त्रिया आपल्या प्रांतात होऊन गेल्या. त्यांपैकी एकीचे चरित्र यंदाच्या अंकात वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. त्या म्हणजे मिरजेच्या वेणाबाई, ज्यांस रामदासी संप्रदायात वेणास्वामी म्हणतात. कोल्हापूर, मिरज, चाफळ व सज्जनगड ही त्यांच्या आयुष्यातील चार स्थाने होत. यांपैकी चाफळ तर आमच्याच पाटण तालुक्यात आहे.

स्त्रियांच्या धर्मकार्याचा व ग्रंथकर्तृत्वाचा विसर पडणे ही गोष्ट केवळ आपल्याच देशी घडली असे नव्हे. इंग्लंडात सातव्या शतकात हिल्डा नावाची एक साध्वी व्हिटबीच्या मठाची अधिपती होती. स्त्रिया व पुरुष या दोहोंचा तो मठ तिच्या आज्ञेत चाले. इ. स. ६६४ मधील प्रसिद्ध धर्मसभा तिच्याच मठात भरली. इंग्रजीचा पहिला ज्ञात कवी कॅडमन यास तिच्याच मठात आश्रय मिळाला. असे असता विद्यार्थ्यांस कॅडमनचे नाव सांगितले जाते व हिल्डेचे बहुधा राहून जाते. इंग्रजीत स्त्रीने लिहिलेले पहिले ज्ञात पुस्तक चौदाव्या शतकातील नॉर्विच येथील एका एकांतवासिनीचे होय. तिचे खरे नावही निश्चित माहीत नसल्यामुळे देवळाच्या नावावरून तिला ज्युलियन म्हणण्याची वहिवाट पडली आहे. स्पेन देशातील तेरेसाबाईंचे आत्मचरित्र धर्मपरीक्षकांच्या ताब्यात पडून राहिले व त्यांच्या मृत्यूनंतर १५८८ मध्ये छापले गेले. रोमन कॅथॉलिक चर्चने त्यांस धर्माचार्य ही पदवी दिली ती १९७० मध्ये, म्हणजे देहान्तास पावणेचारशेहून अधिक वर्षे लोटल्यावर. वेणाबाईंचे चरित्र वाचताना या दूरदेशीच्या भगिनींची आठवण ठेवावी, म्हणजे प्रश्न किती व्यापक आहे हे ध्यानात येईल.

वेणाबाईंचा जन्म सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी त्यांचे लग्न झाले. सासर मिरजेचे. मिरज तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत मोडत असे. लग्नास फार काळ लोटला नाही तोच पती निवर्तले आणि वेणाबाई बालविधवा झाल्या. आमच्या आजच्या मुलींस या शब्दाचा पुरता अर्थ कळणार नाही, ही ईश्वराची कृपाच म्हटली पाहिजे. ज्या वयात मुली भातुकली खेळतात, त्या वयात तिच्या वाट्यास अंधारी खोली, एक वेळचे जेवण आणि घरातील कष्ट येत. मंगलकार्यात तिने समोर येऊ नये. लग्नाच्या मांडवात तिची सावली पडू नये. सकाळी घराबाहेर निघणाऱ्यास तिचे तोंड दिसू नये, असा निर्बंध असे. दोष कोणाचा, हे विचारण्याची सोय नव्हती. दैवाने केलेला घाव समाज रोज नव्याने करीत असे.

परंतु वेणाबाईंपाशी एक धन होते, जे कोणास हिरावून घेता आले नाही. त्यांस अक्षरओळख होती. मुलीच्या हाती पोथी देणे हे ज्या काळी दुर्मीळ, त्या काळी ही मुलगी एकनाथी भागवतासारखा ग्रंथ वाचीत असे. नाथांनी हा ग्रंथ १५७३ मध्ये काशीस पूर्ण केला होता. तो मऱ्हाटीत असला तरी सोपा नव्हे. सांप्रदायिक परंपरा अशी की, वेणाबाई एके दिवशी तुळशीवृंदावनापाशी भागवत वाचीत बसल्या असता समर्थ रामदास भिक्षेस दारी आले. वाचतेस ते तुला समजते काय, असे त्यांनी पुसले. मुलीने लाजून पोथी मिटली नाही. समजते असेही खोटे सांगितले नाही. मनात साचलेल्या शंका तिने एकामागून एक विचारल्या. जीव कोण, ईश्वर कोण, बंध कशाचा, मोक्ष कशास म्हणावा, अशा स्वरूपाचे पंचवीस प्रश्न तिने केले, असे परंपरा सांगते. प्रश्नांची नेमकी संख्या काहीही असो. ज्या मुलीस प्रश्न विचारणे निषिद्ध होते, तिने प्रश्न विचारले आणि एका थोर पुरुषाने ते ऐकून घेतले, हीच या कथेतील मुख्य गोष्ट आम्हांस वाटते. वेणाबाईंच्या पुढील साऱ्या आयुष्याचा उगम तेथे आहे.

पुढे कोल्हापुरास समर्थांची कीर्तने होऊ लागली. वेणाबाई माहेरी होत्या. त्या कीर्तनास नित्य जाऊ लागल्या व त्यांनी समर्थांचा अनुग्रह घेतला. तरुण विधवा एका गोसाव्याच्या कीर्तनास रोज जाते, एवढे लोकांस पुरे झाले. गावात कुजबुज सुरू झाली. आळ आला. परंपरागत चरित्रे असे सांगतात की, लोकापवादास भिऊन घरच्याच माणसांनी त्यांस विष दिले. परंतु गुरुकृपेने त्या त्यातून वाचल्या व पुढे समर्थांबरोबर निघून गेल्या.

या विषप्रयोगाच्या कथेतील चमत्काराचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. ती श्रद्धेची बाब आहे व ज्याची त्याने ठरवावी. परंतु तिच्यातील जो भाग चमत्काराचा नाही, तो मात्र आम्हां पालकांनी व शिक्षकांनी पुन्हा पुन्हा वाचावा. आईबापांचे आपल्या लेकीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण लोक काय म्हणतील, या एका भीतीपुढे ते प्रेम उणे पडले, असे ही कथा सांगते. ज्या समाजात अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते व ती ऐकणारास असंभाव्य वाटत नाही, त्या समाजात स्त्रीच्या जिवापेक्षा बोलणाऱ्यांच्या जिभेला केवढे मोल होते, हे निराळे सांगावयास नको.

घरचे दार असे बंद झाल्यावर वेणाबाई समर्थसंप्रदायात आल्या. चाफळ हे त्या काळी या संप्रदायाचे मुख्य ठाणे होते. मांड नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या गावी समर्थांनी १६४८ मध्ये रामाचे देऊळ उभारिले होते व रामनवमीचा मोठा उत्सव सुरू केला होता. कोयनेच्या १९६७ मधील भूकंपानंतर तेथे नवे मंदिर उभे राहिले आहे. आमचे पुष्कळसे विद्यार्थी तेथे जाऊन आले असतील. तेव्हाच्या चाफळास देऊळ, पाठशाळा व शिष्यांची छावणी या तिन्हींचे रूप होते. तेथे पोथ्या नकलून घेतल्या जात, निरूपणे होत, महंत तयार होऊन गावोगावी पाठविले जात. विशेष हा की, या शिष्यवर्गात स्त्रियाही होत्या, व त्यांस केवळ देवळाची झाडलोट करावयास ठेविले नव्हते. त्यांनी अभ्यास करावा, जप करावा, ग्रंथ वाचावेत व योग्यता आली म्हणजे इतरांस शिकवावे, अशी तेथील शिस्त होती.

वेणाबाईंची योग्यता लवकरच दिसून आली. समर्थांनी त्यांस उभे राहून कीर्तन करण्याची मुभा दिली, असे संप्रदायात आवर्जून सांगतात. आजच्या वाचकास यात विशेष ते काय, असे वाटेल. परंतु कीर्तनकार हा सभेत उभा राहतो, श्रोते बसतात. तो बोलतो, इतर ऐकतात. कीर्तनाच्या अखेरीस लहानथोर त्याच्या पायांस लागतात. हा अधिकार पुरुषाचा, असे गृहीत धरलेले होते. जिचे मुख पाहणे अशुभ मानावे, अशी विधवा स्त्री त्याच जागी उभी राहिली व तिच्या मुखातून लोकांनी रामकथा ऐकिली. शास्त्रार्थ करून जी रूढी मोडली नसती, ती एका सायंकाळच्या कीर्तनाने निदान त्या देवळापुरती तरी मोडली.

त्यानंतर समर्थांनी वेणाबाईंस मिरज येथे मठ करून दिला व तेथील मठाधिपत्य त्यांच्याकडे सोपविले. ज्या गावात त्यांस वैधव्य आले, त्याच गावात त्या गुरुपदी बसल्या. दुसरे कोणतेही गाव चालले असते. पण नेमके मिरजच त्यांच्या वाट्यास आले, यात मोठे औचित्य आहे. ज्या गल्लीतून त्या मान खाली घालून गेल्या असतील, त्याच गल्लीतील लोक आता त्यांचा उपदेश घेण्यास येऊ लागले. मिरजेतील वेणास्वामींचा मठ आजही प्रसिद्ध आहे. येथे एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. संप्रदायाने त्यांस स्वामी म्हटले. मठाधिपतीच्या पदास आपल्या भाषेत स्त्रीलिंगी नाव तयार नव्हते. कारण तशी गरजच कोणास पडली नव्हती. तेव्हा पुरुषांचीच पदवी त्यांच्या नावापुढे लागली.

आता त्यांच्या ग्रंथांकडे वळू. अभंग व पदे यांखेरीज उपदेशरहस्य, पंचीकरण, कौल ही प्रकरणे, तसेच रामायणाची काही कांडे त्यांच्या नावावर आहेत. कौल हा शब्द दरबारी लिखापढीतला. राज्यकर्ता रयतेस अभय देऊन जो लेखी करार करी, त्यास कौल म्हणत. धामधुमीच्या काळात गाव सोडून गेलेल्या कुळांस परत बोलावताना असे कौल दिले जात. परमार्थाच्या विवेचनास हे नाव देणारी कवयित्री आपल्या भोवतालच्या राजकारणास व रयतेच्या दैन्यास अजाण नव्हती, हे उघड आहे.

परंतु वेणाबाईंची कीर्ती ज्यावर उभी आहे, तो ग्रंथ सीतास्वयंवर होय. चौदा समास व १५६८ ओव्या एवढा त्याचा विस्तार आहे. रामकथेतील सीतेच्या विवाहाचे हे आख्यान. कथा मिथिलेची असली तरी लग्न मात्र आपल्या मऱ्हाटी घरचे आहे. लग्नघरची गडबड, विधी, मानपान, वस्त्रे, अलंकार, पक्वान्ने, पंगती, वऱ्हाडाचा थाट, व्याही-विहिणींची वागणूक हे सारे त्यात अशा बारकाईने आले आहे की, सतराव्या शतकात आपल्या प्रांती लग्ने कशी होत हे जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने हा ग्रंथ अवश्य पाहावा. राजांच्या बखरींत लढाया सापडतात, सनदांत जमिनी सापडतात. पण घरात बायका काय करीत, कोणत्या क्रमाने करीत, कशाने आनंदत, याची नोंद ठेवण्यास कोणी कारकून नेमलेला नव्हता. ती नोंद या ओव्यांत राहिली.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. जिला मांडवात पाऊल टाकण्याची बंदी, तिने लग्नाचा एवढा विस्तृत ग्रंथ रचिला. जिच्या स्वतःच्या लग्नाची तिला धड आठवणही राहिली नसेल, तिने जानकीच्या लग्नाचा एकेक विधी हौसेने मांडला. तिने हे सारे कोठून पाहिले असेल? स्वयंपाकघराच्या दारातून, माजघराच्या काळोखातून, भिंतीआडून. या ग्रंथात रूढीविरुद्ध तक्रार नाही, आपल्या दुःखाचे प्रदर्शन नाही. पण समाजाने ज्या मंगलकार्यातून त्यांस वगळले, त्याच मंगलकार्याचे यजमानपद लेखणीच्या बळावर त्यांनी आपल्याकडे घेतले. या लग्नात कोणी त्यांस मागे सरक म्हणू शकत नव्हते. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्यांच्या ओव्यांतून अखेर रामसीतेच्या डोक्यावर अक्षता पडल्या. आमच्या मते वेणाबाईंच्या आयुष्यातील खरा चमत्कार हाच होय, व तो कोणासही पोथी उघडून पाहता येतो.

वेणाबाईंनी शिष्यही घडविले. त्यांच्या शिष्या बयाबाई, व बयाबाईंचे शिष्य बीडच्या मठाचे गिरिधरस्वामी. या गिरिधरस्वामींनी समर्थप्रताप नावाचा ग्रंथ लिहून समर्थांचे व त्यांच्या परिवाराचे वृत्त नमूद करून ठेविले. समर्थसंप्रदायाच्या इतिहासास तो फार उपयोगी आहे. म्हणजे ज्या पुरुषाने आपल्या गुरुपरंपरेचा इतिहास लिहिला, तो एका स्त्रीचा शिष्य व दुसऱ्या स्त्रीचा प्रशिष्य होता. विद्येचा हा ओघ दोन स्त्रियांच्या ओंजळींतून त्याच्यापर्यंत आला.

शके १६०० च्या चैत्रात, म्हणजे १६७८ मध्ये, वेणाबाईंनी सज्जनगडावर देह ठेविला. समर्थ तेव्हा गडावर राहत होते. त्यांच्यासमोर कीर्तन करूनच वेणाबाईंनी या जगाचा निरोप घेतला, असे परंपरा सांगते. गडावर त्यांचे वृंदावन आहे.

त्याच गडावर दुसऱ्या एका स्त्रीचेही वृंदावन आहे, व तिच्याविषयी चार शब्द लिहिल्याविना हा लेख पुरा करणे आम्हांस, विशेषतः पाटण तालुक्यातील लोकांस, शोभणार नाही. त्या अक्काबाई, म्हणजेच अक्कास्वामी. त्याही बालविधवा. त्यांनी वेणाबाईंसारखा ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे कर्तृत्व कारभाराचे होते. शके १६०३ च्या माघात (इ. स. १६८२) समर्थांनी देह ठेविल्यावर चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्थेचा भार दिवाकर गोसावी यांच्याबरोबर अक्काबाईंनी वाहिला. उत्सव, अन्नदान, येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय, गावांचे उत्पन्न, दरबारशी पत्रव्यवहार, हे सारे कोणीतरी सांभाळावे लागते. नाहीतर थोरांचे कार्य त्यांच्या मागून वर्षभरही टिकत नाही. तो काळही साधा नव्हता. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी प्रथम सातारचा किल्ला व मागोमाग सज्जनगड घेतला. गडावरील देवाच्या मूर्ती अक्काबाईंनी आधीच सुरक्षित स्थळी, वासोट्याच्या रानात हलविल्या, असे सांगतात. धामधूम सरल्यावर त्यांनी घडी पुन्हा बसविली. १७२१ मध्ये त्या निवर्तल्या. म्हणजे गुरूंच्या मागे सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ही सेवा केली.

असे असून वेणाबाईंविषयी आज लोकांस काय ठाऊक असते? बहुधा विषाचीच कथा. कीर्तनातून, चित्रांतून, गोष्टींच्या पुस्तकांतून तीच सांगितली जाते. त्यांच्यावर जे गुदरले ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्यांनी जे केले ते थोड्यांच्या. सीतास्वयंवर हे नाव ऐकलेले लोकही विरळा, वाचलेले त्याहून विरळा. ही पोथी नाहीशी झाली नाही, याचे श्रेय मठोमठी नकला करणाऱ्या रामदासींस व पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांस आहे. देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली व गावोगावचे मठ धुंडाळून रामदासी वाङ्मयाची बाडे जमविली. इंग्लंडात मार्जरी केंप या स्त्रीच्या आत्मवृत्ताची हस्तलिखित प्रत एका घरात सापडली ती १९३४ मध्ये. तोवर पाचशे वर्षे ते पुस्तक नसल्यासारखेच होते. असे शोधणारे लोक नसते तर आणखी किती नावे काळाच्या उदरात गडप झाली असती! आणि ग्रंथ सापडूनही वाचला नाही, तर तो सापडूनही हरवलेलाच. आमच्या ख्रिस्ती समाजातही हे घडले आहे. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदन सर्वांस माहीत आहे. पण त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले व ते मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून छापविले, हे किती घरांत सांगितले जाते?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस, विशेषतः विद्यार्थिनींस, आमचे सांगणे आहे. सहल काढून चाफळास व सज्जनगडावर जाल, तेव्हा त्या दोन वृंदावनांपाशी थोडे थांबा. तेथे कोण विसावले आहे, हे बरोबरच्या लहानांस सांगा. ग्रंथालयात सीतास्वयंवर मिळते काय ते पाहा. न मिळाले तर मागणी करा. जुनी भाषा प्रथम अवघड वाटेल, पण एका समासानंतर कान सरावतात. आणि वर्गात शंका आली तर वेणाबाईंप्रमाणे विचारा. पोथी मिटून गप्प बसणे हा विनय नव्हे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलीच्या हातून पुस्तक काढून घ्यावे, तिची शाळा थांबवावी, तिला चारचौघांत बोलू देऊ नये, असा विचार जेव्हा केवळ लोकांच्या बोलण्याच्या भयाने मनात येईल, तेव्हा कोल्हापूरचे ते घर आठवावे. त्या वेळी बोलणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज उरले नाही. तुळशीपाशी पोथी घेऊन बसलेल्या त्या मुलीच्या १५६८ ओव्या मात्र उरल्या आहेत.